शिदोरी न बांधणारं घर

मुरुमहून सोलापूरला जाणारी गाडी सुटायची होती आणि आतल्या प्रत्येक माणसाच्या मांडीवर एकेक गाठोडं होतं. कुणाच्या फडक्यात भाकरी, कुणाच्या धपाटे, कुणाच्या डब्यात शेंगाची पोळी. माझ्या मांडीवर माझे दोन हात होते. रझाकाराची धामधूम सरून, निजाम जाऊन दोन-तीन वर्षं झाली होती आणि मी पुण्याला नोकरीला निघालो होतो. पुणं कुठं आहे हे मला माहीत होतं, पण तिथं पोचेपर्यंत काय खायचं हे माहीत नव्हतं. कारण आमच्या घरात शिदोरी बांधत नसत.

दादा खिडकीखाली छत्री टेकून उभे होते. शेजारी माय, पदराचं टोक दातात धरून. तिच्या डोळ्यांत पाणी होतं ते माझ्या जाण्यामुळं, की आपल्याला चार भाकरी थापू दिल्या नाहीत म्हणून, हे मी अजून ठरवू शकलेलो नाही. दादा म्हणाले, "शामू, वाटंची काळजी वाटंच्या धन्याला. तू खिडकीतनं हात भाईर काढू नको." बापानं परगावी जाणाऱ्या लेकाला केलेला सगळा उपदेश एवढाच.

आता खरं सांगायला हरकत नाही, माझ्या खिशात फुटाणे होते. विश्वास दादांचा होता, भूक माझी होती.

पण जळकोटच्या अलीकडंच शेजारच्या म्हाताऱ्यानं फडकं सोडलं आणि माझ्याकडं न बघताच धपाटं माझ्या हातावर ठेवलं. नळदुर्गला गाडी थांबली तेव्हा मागच्या बाईनं विचारलं की लेकरू कुणाचं, आणि उत्तर ऐकायच्या आधीच कडक भाकरी नि चटणी पुढं केली. सोलापूरच्या स्टेशनावर एका शिपायानं संत्रं दिलं. पुण्याच्या गाडीत एका कुटुंबानं मला आपलाच समजून वाढलं. पुण्यात उतरलो तेव्हा माझं पोट बिघडलं होतं. फुटाणे खिशात तसेच. दादांना पहिल्या पत्रात मी पोचल्याचं कळवलं, पोटाचं कळवलं नाही. त्यांना नसता आनंद झाला असता.

आपल्या वस्तीतल्या तुम्हा लोकांपैकी जे गावाकडंच राहिले त्यांना दादांची ही रीत ठाऊक आहे, पण जे माझ्यासारखे निघून गेले आणि ज्यांची पोरं आता विचारतात की आजोबा असे कसे होते, त्यांच्यासाठी थोडं मागचं सांगायला हवं.

आमचे आजोबा गावकीची कामं करायचे. सांगावे पोचवायचे, मेलेलं ढोर ओढायचे, आणि त्याच्या बदल्यात सांजच्याला दारोदार फिरून भाकरी गोळा करायचे. भाकरी वरून टोपल्यात टाकली जायची. टोपलं धरायला लहानपणी दादा असायचे. पुढं ते मिशनच्या शाळेत शिकले, बाप्तिस्मा घेतला, मास्तर होऊन गावी परत आले आणि आमच्या वस्तीत एक खोलीची शाळा नि रविवारची उपासना चालवू लागले. त्या दिवसापासून त्यांनी टोपलं टाकलं ते टाकलंच. म्हणायचे, "हात पसरायचा तर वर. माणसापुढं न्हाय." लोकांना वाटायचं मास्तर देवभोळे आहेत. मला फार उशिरा कळलं की रोजच्या भाकरीसाठी देवावर टेकणं ही त्यांच्या लेखी ताठ उभं राहायची रीत होती.

ही रीत ते फार कडक पाळायचे. मिशनचा पगार यायचा, पण त्याला लहर आली तर. आला की दादा आधी वस्तीत कुणाकडं काय नाही ते बघून यायचे. उरलेल्यात घर. आठवड्याच्या वर धान्य साठलं की त्यांना अंगावर ओझं घेतल्यासारखं वाटायचं. "प्रार्थनेत आपण रोजची भाकर मागतो," म्हणायचे, "पोतं मागत न्हाय. पोतं मागायचं असतं तर प्रभूनं तसं शिकवलं असतं." आणि प्रवासाला निघताना शिदोरी म्हणजे तर देवाच्या तोंडावर त्याला खोटं पाडणं.

यात माय कुठं होती? माय चुलीपाशी होती. "आवं, तुमच्या देवाला सांगा, मीठ बी सरलंय," ती म्हणायची. "सांगतो," दादा म्हणायचे आणि खरंच सांगायचे. पण तोवर मायनं आपल्यापुरती एक युक्ती करून ठेवलेली असायची, निदान मला तसा संशय आहे.

वस्तीच्या तोंडाशी बसव्वाचं शेत होतं आणि शेतातच घर. मोठं, खात्यापित्या लिंगायतांचं. बसव्वा दादांहून थोडी मोठी, तोंडानं फटकळ, अर्धी कानडी अर्धी मराठी. दादा तिला अक्का म्हणायचे. ती आमच्या घरचं पाणी प्यायची नाही, उंबऱ्याच्या आत यायची नाही. पण आमच्या माळवदातून सांजच्याला धूर निघाला की नाही हे तिला आमच्याआधी कळायचं. धूर नाही दिसला की तिची सून पदराखाली भाकरी नि कोरड्यास घेऊन हजर. सणाचा दिवस असला तर हुग्गी, गव्हाची गूळ घातलेली दाट खीर. माय म्हणायची, "आत्ताच पेटवणार होते बघ चूल." मला आठवतं तसं, हुग्गीच्या दिवशी माय चूल पेटवायला जरा जास्तच उशीर करायची.

आणि दादा ते ताट समोर घेऊन डोळे मिटायचे आणि देवाचे आभार मानायचे. बसव्वाचं नाव प्रार्थनेत असायचं, पण दुसऱ्या ओळीत.

पुण्यात मला एका सरकारी कारखान्याच्या भांडारात काम मिळालं. देवालाही विनोदाचं अंग आहे ते असं. ज्या बापानं घरात आठवड्याच्या वर ज्वारी ठेवली नाही, त्याच्या लेकाला सरकारनं पगार दिला तो माल संपायच्या आधी काळजी करण्यासाठी. खिळे किती, वायसर किती, पुढच्या तिमाहीला किती लागतील. मी या कामात इतका तयार झालो की साहेब लोक म्हणायचे, याला झोपेतसुद्धा शिल्लक विचारा. ही स्तुती मी घरी आणली. लग्न झालं, रतन नगरकडची, टापटिपीची. कारखान्याच्या वसाहतीत दोन खोल्या मिळाल्या. खाटेखाली डबे, माळ्यावर डबे, डब्यांवर माझ्या अक्षरात चिठ्ठ्या. दोन मुली झाल्या, त्यांची अंथरुणं डब्यांच्या मधल्या जागेत. रविवारी चर्चमध्ये मी रोजच्या भाकरीची प्रार्थना सगळ्यांबरोबर म्हणायचो आणि म्हणताना मनात यायचं, तूर्त दोन महिन्यांची सोय आहे, त्यापुढचं बघ.

माय गेली तेव्हा दादा एकटे पडले. शाळा सरकारकडं गेली होती, पगारही थांबला होता. मी त्यांना आग्रह करून पुण्याला आणलं. आग्रह कसला, गाडीत बसवूनच आणलं. माझ्या मनात एवढंच होतं की या माणसानं जन्मभर उद्याचं बघितलं नाही, आता उरलेलं आयुष्य त्यानं उद्याचं न बघताच घालवावं, पण भरल्या घरात.

पहिले काही आठवडे मजेत गेले. दादा वसाहतीत सकाळी फिरायचे आणि दिसेल त्याला जेवला का म्हणून विचारायचे. शहरातल्या माणसाला सकाळी आठला असं विचारलं की तो दचकतो. एका रविवारी चर्चच्या दारात त्यांना लातूरकडचा एक माणूस भेटला, त्याला ते सरळ जेवायला घेऊन आले. पुढच्या आठवड्यात महिन्याच्या साखरेतली निम्मी साखर त्यांनी वरच्या मजल्यावरच्या बाळंतिणीला देऊन टाकली. तेव्हा सगळं रेशनवर होतं. गव्हाऐवजी मिलो, ती परदेशी लाल ज्वारी, मिळायची, तिच्या भाकरीला ना चव ना चिकटपणा, रतन ती थापताना रडकुंडीला यायची. साखरेचा डबा हलका लागल्यावर ती मला काही बोलली नाही, फक्त डबा माझ्यासमोर आणून ठेवला. मी तर भांडारी. मला तेवढं पुरे होतं.

मी दादांना रेशनकार्ड दाखवलं. म्हणालो, "दादा, इथं माणशी माप आहे. संपलं की संपलं. गावाकडं बसव्वा होती म्हणून तुमचं चाललं."

दादा थोडं हसले. "मला ठाव न्हाय व्हय? तुला काय वाटलं, मी समजत हुतो बायबलातल्यासारखं कावळे भाकर आणून देतेत? भाकर बसव्वाचीच. पण आमच्या माळवदाकडं बघायची बुद्धी तिला कोण देत हुतं?"

"इथं ती बुद्धी कुणाला होत नाही," मी म्हणालो. "इथं स्टोव्ह आहे, दादा. धूर दिसत नाही. शेजारी चार दिवस उपाशी पडला तरी कळायचं नाही. इथं ज्याचं त्यानंच बघायचं."

दादांनी कार्ड हातात घेतलं. कार्डाकडं बघत राहिले. दादांशी वादात मी जिंकलो तो तेवढा एकदाच, आणि तेव्हा मला बरं वाटलं होतं.

त्यानंतर दादा बदलले. एकदम नाही, हळूहळू, अंगात थंडी मुरावी तसे. आधी संध्याकाळी विचारू लागले, रॉकेल आहे का. मग साखर आणलीस का. मग कुणी न सांगता पहाटे उठून रेशनच्या दुकानापुढं जाऊन रांगेत पिशवी ठेवून यायला लागले. पिशवीवर दगड, म्हणजे वाऱ्यानं नंबर जायला नको. गहू कधी येणार, दुकानदार मापात कुठं मारतो, कोणत्या वारी तेल संपतं, हे त्यांना माझ्याहून जास्त कळू लागलं. रतनला मोठा आधार झाला. मी तर चर्चमध्ये सगळ्यांना सांगत सुटलो की आमचे दादा, ज्यांनी जन्मात शिदोरी बांधली नाही, ते आता माझी जागा घेतात की काय. लोक हसायचे. दादाही हसायचे.

फक्त त्यांची प्रार्थना लांबली. गावी जेवणाआधीची त्यांची प्रार्थना म्हणजे दोन वाक्यांचे आभार, भाकरी निवायच्या आत संपणारी. आता तिच्यात मागण्या आल्या. धान्य मिळू दे, शामूची नोकरी टिकू दे, पोरींना आजारपण नको, रॉकेलचा भाव वाढायला नको. धाकटी पोर ताटावर पेंगायची. एकदा ती मला कानात म्हणाली, "पप्पा, आजोबांचा देव बहिरा आहे का? ते किती वेळा सांगतात." मी तिला दटावलं आणि रात्रभर तेच ऐकत पडलो.

थंडीच्या दिवसांत दादांनी गावी जायचं काढलं. सुगीचा सण आला होता. आपल्याकडं पहिलं कणीस, पहिल्या शेंगा, कुणाची कोंबडी, कुणाचा भोपळा असं सगळं उपासनेला आणून मग त्याचा लिलाव करतात, तो सण. म्हणाले, तेवढा बघून तिथंच राहीन म्हणतो, तुझ्या मायच्या जवळ. मी फार अडवलं नाही. मुलींची शाळा, कारखान्यातली माझी पाळी, आणि खरं म्हणजे त्यांना गावीच बरं वाटेल असं मलाही वाटत होतं. रतननं त्यांचं धोतर धुऊन ठेवलं, बंडी शिवून ठेवली. शिदोरी बांधली नाही. आमच्या घरची रीत तिला पाठ होती, ती मोडली तर दादांना लागेल म्हणून तिनं मुद्दाम काही केलं नाही.

स्टँडवर गाडीत बसवलं. खिडकीखाली या वेळी मी होतो. गाडी सुटायला अवकाश होता. दादांनी पायाशी बघितलं, मांडीवर बघितलं, मग बाहेर वाकून मला हळूच विचारलं, जसं काही कुणी ऐकलं तर बरं दिसणार नाही.

"शामू, सुनबाईनं खायला काय बांधलंय का?"

मी म्हणालो, "नाही दादा, तुम्ही कधी नेत नाही ना."

"ते खरं हाय. पण वाटंत काय मिळंल न मिळंल."

मी धावत जाऊन केळी आणली, पाव आणले, बिस्किटांचा पुडा आणला. त्यांनी ते सगळं पिशवीत घातलं, पिशवीचं तोंड बांधलं आणि दोन्ही हातांनी पोटाशी धरलं. गाडीतली बाकीची माणसंही तशीच बसली होती. आता दादा त्यांच्यातले एक दिसत होते. गाडी वळेपर्यंत मी उभा होतो आणि मला एवढंच कळत होतं की मी गावाहून एका माणसाला आणलं होतं आणि परत पाठवतोय तो दुसराच कुणीतरी.

पुढं मी माझ्या परीनं केलं. दर महिन्याला सोलापूरच्या गाडीच्या ओळखीच्या कंडक्टरबरोबर डबे पाठवायचो. डाळ, तांदूळ, शेव, लाडू. डबे वेळेवर पोचायचे. या कामात मी कधी चुकलेलो नाही.

दादा उन्हाळ्यात गेले. सांगावा पोचून मी गावी पोचलो तोवर त्यांना मायच्या शेजारी मातीत ठेवून झालं होतं. वस्तीतली माणसं भेटून गेली, आणि मग मी बसव्वाकडं गेलो. ती आता अगदी वाकली होती, अंगणात बाजेवर बसून होती. मला बघून रडली नाही. बस म्हणाली, आणि सुनेला भाकरी वाढायला सांगितलं.

मी खाताना ती बोलत राहिली. सणाला मास्तर आले तेव्हा तिला आनंद झाला होता. मग चार दिवसांनी सांजच्याला माळवदावर धूर दिसला नाही, तर तिनं नेहमीसारखी सून पाठवली. सून भाकरी तशीच परत घेऊन आली. मास्तर म्हणाले, नको, पुण्याहून आलंय, पुरंल. दुसऱ्या खेपेला तेच. तिसऱ्या खेपेलाही तेच. हे सांगताना म्हातारीचा आवाज बदलला. तिनं आयुष्यभर आमच्या घरी पाणी घेतलं नव्हतं, पण आमच्या घरानं तिची भाकरी परत पाठवली हे तिला सोसलं नव्हतं.

"मंग मीच भाकर घिऊन गेले काठी टेकत," ती म्हणाली. "उंबऱ्याच्या भाईर हुबी ऱ्हायले. म्हणलं, मास्तर, तुमचा देव आता पुण्याला ऱ्हायला गेला का?"

माझा घास हातात राहिला. मी विचारलं, मग दादा काय म्हणाले.

"हसले. मग म्हणले, आण अक्का तुजी भाकर. उंबऱ्यावरच बसून खाल्ली, माज्यासमोर. डोळं पुसत खाल्ली. तवापास्नं जाईपातुर हितलीच खाल्ली."

"आणि डबे?"

"तुजे डबे लई कामाला आले बाबा," बसव्वा म्हणाली. "वस्तीतल्या पोरांनी खाल्ले. लाडू ग्वाड हुते म्हणतेत."

मला तिला विचारायचं होतं की शेवटी दादांची प्रार्थना पुन्हा आखूड झाली होती का. पण ती उंबऱ्याबाहेरची बाई, तिला त्यांच्या प्रार्थना कशा माहीत असणार. तरी मी आडून विचारलं, दादा खूश होते का. ती म्हणाली, "ते मला काय कळतंय? जेवत हुते." एवढ्यावरच मला पुण्याला परत यावं लागलं. माझ्या घरात त्यांचं जे हरवलं ते त्यांना परत मिळालं असेल, असं मी धरून चालतो. पण ते माझ्या घरात मिळालं नाही. ते मिळालं तेव्हा मी वायसर मोजत होतो.

आता बसव्वाही नाही. गावातलं आमचं घर पडलं, जागा भावकीत गेली. तुम्ही गावाकडचे लोक पत्रात विचारता, येत का नाहीस. कुणाकडं येऊ, हा प्रश्न आहे. तुमच्याकडं आलो तर तुम्ही वाढाल हे मला माहीत आहे, आणि येताना मी पिशवीभर सामान घेऊन येईन हेही मला माहीत आहे. ते ओझं माझ्याच्यानं खाली ठेववत नाही. दादांसारखा टेकायला मी शिकलो नाही. शिकवणारा माणूस दोन खोल्यांत माझ्याबरोबर राहत होता, तेव्हा मीच त्याला शिकवत होतो.

मध्यंतरी आमच्या शेजारच्या बंद दाराआड एक नवं जोडपं राहायला आलं. कुठलं, काय, कुणाला माहीत नाही. वसाहतीत कुणी विचारत नाही. एका संध्याकाळी मी वाटी घेतली आणि निघालो. रतन म्हणाली, "कुठं?"

"विरजण मागायला."

"घरात आहे की."

"माहीत आहे मला."

माझ्या एवढ्या डब्यांत साठवता न येणारी तेवढी एकच वस्तू मला सुचली. आज लावलं नाही तर उद्या जातं, आणि गेलं की कुणाच्या तरी दारात जावंच लागतं. मी दार वाजवलं. दादांना हे आवडलं असतं की नाही, सांगता येत नाही. ते माणसाकडं कधी मागत नव्हते. पण मला वर हात पसरायला जमत नाही, तर निदान बाजूला पसरून बघावा म्हटलं. त्या जोडप्यातल्या पोरीनं साखळीच्या फटीतून बघितलं, वाटी घेतली, चमचाभर दही घालून परत दिली आणि दार लावून घेतलं. जेवलात का, असं माझ्या ओठांवर आलं होतं. तेवढ्यात दार लागलं.

घरी आल्यावर रतननं त्या विरजणानं दूध विरजलं. दही चांगलं लागलं. घर म्हणजे काय, हे आता मला कुणी विचारलं तर मी ज्या दारात वाटी घेऊन गेलो त्या दाराकडं बोट दाखवीन. तिकडून अजून कुणी काही मागायला आलेलं नाही. संध्याकाळी कामावरून आलो की मी आमचं दार थोडं उघडं ठेवतो आणि वाट बघतो.